क्षणाच्या गतीचे गणित मांडणारे भास्कराचार्य

डाळजच्या शिवाराला उजनीच्या फुगवट्याचे पाणी आता नवे राहिलेले नाही. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि आपल्या परिसरातील नदीचे जलाशयात रूपांतर झाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपल्याकडील घराघरांत दोन आकड्यांची वाट पाहिली जाते. एक, दौंड येथून येणारा विसर्ग आणि दुसरा, धरणाची टक्केवारी. परंतु काठावर ज्याची विद्युत मोटार बसविलेली आहे, त्या शेतकऱ्याला पाणी किती आहे एवढेच कळून भागत नाही. पाणी या घडीला किती वेगाने चढत आहे, हे त्याला हवे असते. कारण मोटार आज वर ओढावयाची की उद्या, हे त्यावर ठरते.

येथेच एक अडचण उभी राहते. पातळी पट्टीवर वाचता येते. वेग पट्टीवर लिहिलेला नसतो. तो दोन पातळ्यांच्या वजाबाकीतून काढावा लागतो. कालची पातळी आजच्या पातळीतून वजा केली, तर मिळतो तो गेलेल्या दिवसाचा वेग. उद्याचे मोजमाप हाती आल्यावर मिळेल तो येणाऱ्या दिवसाचा. आत्ताचा, या क्षणाचा वेग कोणता? हा प्रश्न दिसतो साधा. परंतु मोजलेल्या आकड्यांवरून बदलाचा वेग काढणे ही गणितातील एक कसोटीची बाब आहे आणि आजही अभियंते व शास्त्रज्ञ तिच्याशी झगडत असतात. आपल्या महाराष्ट्राच्या मातीशी नाते असलेल्या एका गणित्याने बाराव्या शतकात हा प्रश्न नेमका ओळखला आणि त्याचे एक उत्तर दिले. ते गणिती म्हणजे भास्कराचार्य. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाचा व या एका कार्याचा परिचय विद्यार्थ्यांना करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले, म्हणून आपल्या चरित्रनायकांना दुसरे भास्कराचार्य असे म्हणण्याची रीत आहे. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधील. ही माहिती त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवली आहे. सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असे ते सांगतात. ते गाव आजचे कोणते, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. कोणी ते जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण मानतात, कोणी बीड, तर कोणी विजापूर. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराण्यात विद्येची परंपरा कित्येक पिढ्यांची होती. पाटणच्या शिलालेखात महेश्वरांच्या आधीचे पाच पूर्वज नावानिशी दिलेले आहेत.

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला प्रमुख ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पहिल्या भागात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अज्ञात राशींची समीकरणे, तिसऱ्यात ग्रहांची स्थाने काढण्याच्या रीती, तर चौथ्यात त्या रीतींमागील कारणमीमांसा. केवळ रीत सांगून ते थांबले नाहीत. आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य या नावाची टीका लिहिली. वासना म्हणजे येथे उपपत्ती, रीतीमागचे कारण. ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांना सोयीचा ग्रंथ रचला. या दोन ग्रंथांमधील तेहतीस वर्षांच्या जीवनाचा वृत्तांत थोडकाच मिळतो. त्यांचे खरे चरित्र त्यांच्या गणितातच वाचावे लागते, आणि म्हणून आपणही तिकडेच वळू.

आकाशातील ज्योतींमध्ये चंद्र सर्वांत चंचल. तो रोज सरासरी ७९० कला व ३५ विकला पुढे सरकतो. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला आणि कलेच्या ६० विकला, हे माप लक्षात घेतले म्हणजे ही गती दिवसाला १३ अंशांहून किंचित अधिक होते. पण ही सरासरी, म्हणजे जुन्या परिभाषेत मध्यम गती. प्रत्यक्षात चंद्र पृथ्वीपासून दूर असताना मंद चालतो आणि जवळ आला म्हणजे वेगाने. भास्कराचार्यांनी दिलेल्या मानांवरून हिशेब केला, तर चंद्राची दैनिक गती सुमारे ७२२ कलांपासून ८५९ कलांपर्यंत बदलत राहते.

या बदलाने व्यवहारात काय बिघडते? तिथी संपण्याची वेळ बिघडते. तिथी म्हणजे सूर्य व चंद्र यांमधील अंतर १२ अंशांनी वाढण्यास लागणारा काळ. समजा, तिथी संपण्यास अजून ३ अंश, म्हणजे १८० कला अंतर उरले आहे. सूर्याची गती दिवसाला सुमारे ५९ कला. चंद्राची सरासरी गती धरली, तर दोघांतील अंतर दिवसाला सुमारे ७३१ कलांनी वाढते आणि तिथी संपण्यास ५ तास ५४ मिनिटे लागतील. परंतु चंद्र त्या वेळी पृथ्वीजवळ असेल, तर अंतर दिवसाला ८०० कलांनी वाढेल आणि तिथी ५ तास २४ मिनिटांतच संपेल. अर्ध्या तासाची चूक झाली. ग्रहणाचा काळ वर्तविताना अशी चूक लपून राहत नाही. सारा गाव आकाशाकडे पाहत असतो.

मग आजची चंद्राची जागा उद्याच्या जागेतून वजा करून गती का काढू नये? काढता येते आणि भास्कराचार्यांच्या पूर्वीचे ज्योतिषी तसे करीतही असत. मात्र अशी काढलेली गती ही संपूर्ण दिवसाची झाली. चंद्राची गती एका दिवसात सोळा कलांपर्यंतही बदलू शकते. त्यामुळे दिवसभराच्या फरकातून काढलेला वेग हा वस्तुतः दोन मोजमापांच्या मधल्या क्षणाला शोभणारा असतो, पहिल्या क्षणाला नव्हे. भास्कराचार्यांनी हा भेद स्पष्टपणे केला. एक गती दिवसाची, दुसरी त्या क्षणाची; या दुसरीला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. तिथीचा शेवट जवळ आलेला असेल, तेव्हा चंद्रासाठी ही तात्कालिक गतीच घेतली पाहिजे, कारण चंद्राची गती मोठी असून ती क्षणोक्षणी बदलते, हे कारणही त्यांनी दिले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या ग्रंथातील हे सर्वांत खोल स्थळ आहे. एका क्षणात तर काहीच अंतर कापले जात नाही. मग क्षणाला गती असते, असे म्हणण्याचे धैर्य साधे नव्हे.

आता ही गती काढावयाची कशी, ते पाहू. चंद्राच्या सरासरी स्थानात जो फरक करावा लागतो, तो ज्येच्या प्रमाणात कमी-अधिक होतो. ज्या म्हणजे आपण त्रिकोणमितीत ज्याला साइन म्हणतो तीच; मात्र जुने गणिती तिला त्रिज्येने गुणून पूर्ण अंकांत लिहीत. भास्कराचार्यांच्या लहान कोष्टकात त्रिज्या १२० धरली असून दर १० अंशांना ज्या दिली आहे. ती अशी: २१, ४१, ६०, ७७, ९२, १०४, ११३, ११८, १२०. लागोपाठच्या ज्यांमधील अंतरे, म्हणजे खंडे, २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २ अशी होतात. ज्या वाढत जाते, पण वाढण्याचा वेग मंदावत जातो, हे या खंडांवरून लगेच दिसते.

चंद्र ज्या खंडात असेल त्या खंडावरून, म्हणजे भोग्यखंडावरून, ज्येच्या वाढीचा वेग घ्यावा, ही जुनी सोपी रीत. तिच्यात दोष असा की, १० अंशांच्या संपूर्ण टप्प्यात वेग एकच राहतो आणि टप्पा संपताच एकदम बदलतो. ३० अंशांच्या जरा अलीकडे तो १९ आणि जरा पलीकडे १७. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा हा प्रकार झाला. चंद्राला आपल्या कोष्टकाची काय माहिती? तो तर उतारावरून उतरावे तसा सलग चाललेला असतो. हा दोष पूर्वीही कोणाच्या ध्यानात आला नव्हता, असे नाही. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६६५ मधील खंडखाद्यक ग्रंथात गेलेले व येणारे खंड यांच्या सरासरीचा उपयोग करून खंड शुद्ध करण्याची रीत सांगितली होती. दहाव्या शतकात मुंजालांनी गतीच्या शुद्धीसाठी कोटिज्येचा वापर केला होता. भास्कराचार्यांचे मोठेपण असे की, त्यांनी या धाग्यांमागील कारण उलगडले.

त्यांचा विचार त्रैराशिकाचा आहे, म्हणजे सहावी-सातवीच्या मुलालाही समजेल असा. खंड हे क्षणोक्षणी बदलत असते, कोटिज्येच्या प्रमाणात ते घटत जाते. कोटिज्या म्हणजे आजची कोसाइन. आरंभी, शून्य अंशावर, कोटिज्या त्रिज्येएवढी असते आणि तेथे खंड पहिल्या खंडाएवढे असते. मग अन्यत्र कोटिज्या अमुक असेल तर खंड किती? पहिल्या खंडाला कोटिज्येने गुणावे आणि त्रिज्येने भागावे. मोठ्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ आणि पहिले खंड २२५ असते, रीत तीच. आपण लहान कोष्टकावर पडताळून पाहू. ३० अंशांवर कोटिज्या म्हणजे ६० अंशांची ज्या, १०४. पहिले खंड २१ गुणिले १०४ भागिले १२० बरोबर १८.२. आता गेलेले खंड १९ व येणारे खंड १७ यांची सरासरी घ्या. ती येते १८. दोन निरनिराळ्या वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचल्या. आज संगणकावर मोजमापांवरून वेग काढताना मागचा फरक व पुढचा फरक यांची सरासरी घेण्याची जी नित्याची रीत आहे, तिचे आणि कलनशास्त्रातील साइनचे अवकलन म्हणजे कोसाइन या नियमाचे बीज या एका उदाहरणात शेजारी शेजारी दिसते.

येथे थोडे रेंगाळणे आवश्यक वाटते, कारण या विषयातील खरा धोका आता पुढे आहे. वरील खंडांची पुन्हा अंतरे घेतली तर काय येते? १, १, २, २, ३, ३, ४, ३. हे आकडे क्रमाने वाढत गेले पाहिजेत, निदान घटता तरी कामा नयेत. परंतु शेवटी ४ नंतर ३ आला. निसर्गाने नियम मोडला काय? नाही. कोष्टकातील ज्या पूर्णांकात लिहिताना जी लहानशी काटछाट झाली, तिचा हा परिणाम. ७० अंशांची ज्या खरी ११२.७६ आहे, ती ११३ लिहिली. शंभराहून मोठ्या संख्येत पाव एककाची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच चूक ५ या लहानशा खंडात उतरली की जाणवू लागते, आणि खंडांच्या अंतरात उतरली की क्रमच उलटा करून टाकते. वजाबाकीत मोठ्या संख्या एकमेकींना खातात आणि चुका तेवढ्या शिल्लक राहतात.

उजनीच्या काठावरही हेच घडते. वाऱ्याने उठलेल्या लाटेमुळे पट्टी वाचताना दोन बोटांची चूक झाली, तर जलाशयाच्या खोलीच्या मानाने ती काहीच नव्हे. दिवसाच्या फरकातही ती खपून जाईल. परंतु वेग अधिक नेमका कळावा म्हणून एखादा उत्साही विद्यार्थी दर पाच मिनिटांनी पट्टी वाचू लागला, तर पाच मिनिटांत पाणी चढेल केसभर आणि लाट दाखवील दोन बोटे. मग त्याच्या वहीत पाणी एकदा धावत चढेल, तर पुढच्याच नोंदीत उतरेल. मोजमापांतील अवधी लांब ठेवला, तर क्षणाची गती हरवते. अवधी फार आखूड केला, तर चुकांचा गोंगाट वाढतो. या दोहोंच्या मधली वाट शोधणे, हेच या शास्त्राचे सारे कौशल्य.

भास्कराचार्यांनी घेतलेली वाट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. काटछाट झालेल्या आकड्यांची वजाबाकी करीत बसण्याऐवजी त्यांनी आकड्यांमागचा नियम ओळखला, तो नियम कसा बदलतो हे ठरविले आणि वेग कोटिज्येवरून घेतला. कोटिज्या कोष्टकात सरळ वाचावयाची असते. तिच्यात वजाबाकीने वाढलेली चूक नसते. मोजमापांना आधी योग्य वक्ररेषा जुळवा आणि मग तिचा उतार काढा, असे आजचे अभियंते सांगतात. तेही दुसरे काय सांगतात?

याच प्रकरणातील आणखी एक निरीक्षण नोंदविले पाहिजे. सरासरी स्थानात करावयाचा फरक जेथे सर्वांत मोठा असतो, तेथे गतीत करावयाचा फरक शून्य होतो, म्हणजे त्या ठिकाणी ग्रहाची खरी गती सरासरी गतीएवढीच असते, असे त्यांनी दाखविले. आकाशात फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर स्थिर असतो, तसेच हे. पूर्वीचे ज्योतिषी लल्ल यांनी ही जागा वेगळी सांगितली होती. भास्कराचार्यांनी ती चूक दाखवून दिली. गोलाच्या पृष्ठफळाविषयीचा लल्लांचा नियमही त्यांनी असाच खोडून काढला आणि ते वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हे चेंडूवरील जाळीची उपमा देऊन समजाविले. पूर्वसूरींविषयी आदर बाळगूनही त्यांच्या विधानाची परीक्षा करता येते, हे त्यांच्या लेखनात पानोपानी दिसते.

ही परीक्षा कधी कधी आपल्याही दारी येते. पृथ्वी आकाशात सतत खाली पडत आहे, असे मत त्या काळी बौद्धांच्या नावे सांगितले जात असे. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी त्यावर टीका केली आहे. वर फेकलेली जड वस्तू परत जमिनीवर येताना दिसत असूनही पृथ्वी पडते आहे असे का मानावे, असा त्यांचा आक्षेप. बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही. ग्रंथात आहे किंवा परंपरेने आले आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नये, हे कालामांना तथागतांनी सांगितलेच होते. सर्व काही क्षणोक्षणी बदलते या बौद्ध विचाराशी तात्कालिक गतीचा संबंध जोडण्याचा मोहही येथे होतो. परंतु भास्कराचार्यांनी ही कल्पना बौद्ध दर्शनावरून घेतली, असे म्हणण्यास आधार नाही आणि आधाराविना आपण ते म्हणू नये.

मोजमापाची साधने हा त्यांचा आवडीचा विषय होता. गोलाध्यायातील यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, चाप, फलक इत्यादी यंत्रांचे वर्णन आहे. फलकयंत्र त्यांनी स्वतः योजिलेले. या सर्वांवर कडी म्हणजे त्यांनी धीयंत्राला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला, सर्वांत श्रेष्ठ ठरविले. हातात एक साधी काठी आणि जवळ विचारशक्ती असेल, तर दूरच्या वेळूची उंची व त्याचे अंतर, इतकेच काय, पाण्यात दिसणाऱ्या त्याच्या प्रतिबिंबावरूनही ही मापे काढता येतात, असे ते दाखवितात. प्रयोगशाळेत साहित्य कमी आहे अशी तक्रार करणाऱ्या आपणा शिक्षकांना हा अध्याय जरा अवघड प्रश्न विचारतो.

त्यांच्याविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी गोष्ट मात्र त्यांच्या गणिताची नाही. मुलगी लीलावती, तिच्या विवाहाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेली वेळ, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्यात ही कथा येते, म्हणजे भास्कराचार्यांच्या काळानंतर चारशे वर्षांनी. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत किंवा पाटणच्या शिलालेखात तिला आधार नाही. मुहूर्त चुकला म्हणून एका मुलीचे आयुष्य वाया गेले, हे सांगणारी कथा आपल्या वसतिगृहातील मुलींना सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लीलावती ग्रंथात कोणा बुद्धिमान मुलीला उद्देशून घातलेली उदाहरणे आहेत, ती सांगावीत. गणिताचे प्रश्न मुलीला विचारावेत असे बाराव्या शतकातील लेखकाला वाटले, ही गोष्ट मोत्याच्या कथेहून किती तरी सुंदर आहे.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे प्रमुख ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे आणि घराण्यातील इतर ग्रंथांचे तेथे अध्ययन व्हावे, असा त्यांचा उद्देश होता. यादवांचे मांडलिक निकुंभ सोइदेव यांनी इ. स. १२०७ मध्ये श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, या मठास दान दिले. याचा शिलालेख पाटणच्या देवळात असून एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. ज्या डोंगररांगेत हे पाटण आहे, तिच्यातच त्याआधी सुमारे चौदाशे वर्षे खोदली गेलेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. विद्यार्थ्यांनी एका ठिकाणी राहून शिकावे, ही परंपरा त्या डोंगरांना नवी नव्हती.

शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतात त्यांतील प्रत्येकामागे एक पळी तेल द्यावे, असे त्यात आहे. हे वाचताना मन थबकते. देणाऱ्यांनी द्यावयाचे ते त्यांच्या भाषेत कोरले गेले. शिकावयाचे ते संस्कृतात राहिले. घाणेवाल्याच्या तेलावर मठातील दिवे जळत असतील, पण त्या उजेडात त्याच्या मुलाने बसावे, अशी तेव्हाची समाजरचना नव्हती. मग गावकुसाबाहेरच्या मुलांची गोष्ट कशाला? भास्कराचार्यांची विद्या आजोबा, वडील, मुलगा, नातू अशा एका ओळीत वाहत राहिली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर उत्तम टीका लिहिली, केरळात माधव व त्यांच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेणींपर्यंत मजल मारली. परंतु तात्कालिक गतीचा धागा धरून महाराष्ट्रात कोणी पुढचे पाऊल टाकले नाही. विद्येचे दार इतके अरुंद असताना असे दुसरे डोके आत यावयाचे कोठून, असा प्रश्न मला पडतो. सातशे वर्षांनंतरही बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृताचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नांनी केला.

तात्कालिक गतीकडे आधुनिक जगाचे लक्ष वेधण्याचे कार्य बापूदेव शास्त्री या मूळच्या महाराष्ट्रीय, काशीत अध्यापन करणाऱ्या गणित्याने केले. १८५८ साली त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व ठाऊक होते, असे प्रतिपादन केले. इंग्रज गणिती स्पॉटिसवुड यांनी १८६० मध्ये त्यावर आक्षेप घेतला. भास्कराचार्यांनी अत्यल्प अंतराची कल्पना काटेकोरपणे मांडलेली नाही, हा त्यांचा मुद्दा खरा आहे, आणि त्यांच्या रीतीचे कलनशास्त्राशी असलेले साम्य त्यांनीही नाकारले नाही. न्यूटन व लायब्निट्स यांचे श्रेय हिरावून घेण्याची आपणास गरज नाही. एका विशिष्ट फलनाच्या बाबतीत, मोजता येणाऱ्या चंद्राच्या बाबतीत, प्रश्न नीट ओळखून अचूक उत्तर भास्कराचार्यांनी दिले, एवढे निर्विवाद आहे आणि ते पुष्कळ आहे.

आज हे ग्रंथ सर्वांना खुले आहेत. लीलावतीवर ना. ह. फडके यांचे मराठी पुस्तक आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या भारतीय ज्योतिषशास्त्रात भास्कराचार्यांचा विस्ताराने परिचय आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र वरील नऊ आकडेही पुरेत. ३० अंशांचे गणित आपण करून पाहिले. आता ६० अंशांवर या. तेथे गेलेले खंड १२, येणारे खंड ९, आणि कोटिज्या ६०. दोन्ही वाटांनी उत्तर काढा आणि वर्गात गुरुजींना दाखवा.